ताईचं वजन

४ फेब्रुवारी

रक्तगटांचे अहवाल आले. बाबांचा ओ, ताईचा ओ, आईचा आणि माझा बी. म्हणजे बाबांना यकृताचा तुकडा देऊ शकेल अशी घरात एकच व्यक्ती आहे, आणि ती ताई आहे. माझा गट जुळत नाही. हे एकदाच लिहून ठेवते. परत लिहिणार नाही.

सर्जननी चौघांना समोर बसवून सांगितलं. ताईच्या स्वतःच्या यकृतात चरबी आहे. असं यकृत कापून देता येत नाही. देणाऱ्यालाही धोका, घेणाऱ्यालाही. तिचं वजन अठ्ठ्याऐंशी आहे, ते ऐंशीच्या आसपास यायला हवं. औषध नाही. खाणं कमी करायचं आणि रोज चालायचं. बाबा तीन महिने तग धरतील, असं ते म्हणाले. सहा महिन्यांचं विचारलं तर टेबलावरचं पेन सरळ करत बसले.

मी विचारलं, तुकडा किती ग्रॅमचा असतो, उरलेलं यकृत किती दिवसांत भरून येतं, दात्यांमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण किती. त्यांनी तिन्हींची उत्तरं नीट दिली. ताईने एकच प्रश्न विचारला. "चीर केवढी असते?" त्यांनी स्वतःच्या कोटावरून बोट फिरवून दाखवलं, छातीच्या मध्यापासून खाली आणि मग उजवीकडे, बरगडीखालून. ताई त्या बोटाकडे बघत राहिली. उपयोगाचा प्रश्न होता. मला सुचला नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "ढब्बू, जन्मभर तुला सांगितलं, जरा हात आखडून खा. एकदा तरी ऐकायचं होतंस."

सगळे हसलो. ताई सगळ्यांत जास्त हसली.

७ फेब्रुवारी

आहारतज्ज्ञ बाई मोठ्या आवाजाच्या आहेत. दार लोटून आत गेलो तेव्हा आधीच्या पेशंटला ओरडत होत्या. ताईला म्हणाल्या, "हे बघ, वजन रस्त्यावर उतरत नाही, ताटात उतरतं. चालायचं ते यकृतातली चरबी झडावी म्हणून आणि डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. दोन्ही कर, पण गल्लत करू नकोस. खूप चालले म्हणून थोडं जास्त खाल्लं, असं म्हणालीस की संपलं."

बाबांचं बरोबर उलट. यकृत बिघडलं की शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. त्यामुळे बाबांनी दर दोन-तीन तासांनी खायचं. अंडी, दूध, बदाम, लोण्याचा थर दिलेला पाव. मीठ मात्र जवळजवळ नाही. बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. जुनी कावीळ आत दबा धरून बसली होती. तरी प्रत्येक डॉक्टर दारूचं दोनदा विचारतो आणि आई दोन्ही वेळा लाल होते.

म्हणजे आता एकाच ओट्यावर एकाला वाढवायचं आणि दुसरीला घटवायचं. मी दोन तक्ते करून फ्रिजवर लावले. स्वयंपाकघरात ग्रॅमचा छोटा काटा आणला.

"मला काय तुझ्या त्या वजनकाट्यांच्या प्रयोगशाळेत ठेवणार आहेस?" ताईने विचारलं.

"नाही, घरीच. तिथे जागा नाही."

ती माझ्या पाठीत धपाटा घालणार होती, पण तिच्या हातात काकडी होती.

१६ फेब्रुवारी

ताई दीड किलोने उतरली. पहिल्या आठवड्यात पाणी जातं, त्यामुळे मी हे धरत नाही, पण तिला तसं सांगितलं नाही. आईने फोन करून आत्याला कळवलं.

दुपारचं वेळापत्रक असं ठरलं आहे. आई वाचनालयातून संध्याकाळी येते, मी प्रयोगशाळेतून त्यानंतर. ताईचं पाळणाघरातलं काम दुपारी सुटतं, म्हणून बाबांचं दुपारचं आणि चारचं खाणं तिच्याकडे. ती नीट करते. वाट्या घासून पालथ्या घालूनच ठेवते.

संध्याकाळी तिला तळ्याभोवती चालायला नेते. ती धापा टाकत बोलते, मी घड्याळ बघते. आज पाळणाघरातल्या एका मुलीचं सांगत होती, ती म्हणे ताईचं बोट धरल्याशिवाय झोपत नाही. "मी दोन महिने नसले तर ती कोणाचं बोट धरेल गं?"

मी म्हटलं, "बदली बाई ठेवतील. मुलं आठवड्यात विसरतात."

"हो, ते आहेच," ती म्हणाली. उरलेली फेरी बोलली नाही. न बोलता चाललं की तिचा वेग सुधारतो.

२ मार्च

शहाऐंशीवर अडकली आहे. तक्त्याप्रमाणे आतापर्यंत चौऱ्याऐंशी यायला हवं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत आकडा पटला नाही की शोधायचा क्रम ठरलेला असतो. आधी काटा, मग टेबल, मग हवा, सगळ्यांत शेवटी माणूस. घरचा काटा पिशवीत घालून कामावर नेला आणि प्रमाण वजनं लावून तपासला. चूक वीस ग्रॅमच्या आत. साहेब मागून येऊन उभे राहिले.

"घरचा?"

"हो."

"घरच्या काट्याला कसली प्रमाण वजनं लावतेस? घरात चालतं थोडं इकडचं तिकडे."

"आमच्या घरात नाही चालत," मी म्हटलं.

बाबांचं त्यांना माहीत आहे. निघताना मला लवकर जायला सांगितलं.

परत आणून काटा न्हाणीघरातल्या फरशीवर ठेवला, लेव्हल लावून बघितली. फरशी सपाट आहे.

९ मार्च

साडेशहाऐंशी. वाढलं.

चालण्यात मी जिने जोडले होते, सहा मजले, दोनदा. तिचे गुडघे सुजले. आहारतज्ज्ञ बाईंनी मलाच झापलं. "तुला कोणी सांगितलं जिने? जेवणातली चूक व्यायामाने भरून निघत नसते, बाळ. तासभर तंगडतोड करून जे जातं ते दोन मुठी बदामांत परत येतं."

मी म्हटलं, ती बदामांना हातही लावत नाही, बदाम बाबांच्या बरणीत असतात.

"मग दुसरं काहीतरी खातेय. शोध."

ताई बाजूच्या खुर्चीवर बसून पायातल्या चपलेचा पट्टा लावत होती. बराच वेळ लागला तिला.

एक गोष्ट बरी आहे. बाबांचं खाणं चांगलं चाललं आहे. बरणी आठवड्यात संपते. आई म्हणते, निदान एकाच्या तरी अंगी लागतंय. बाबांचं वजन दोन किलोने वाढलं आहे.

१५ मार्च

दात्याला समुपदेशकाशी एकट्याने बोलावं लागतं, तो नियम आहे. ताई आत गेली, आम्ही बाहेर. भिंतीवर फळांचं चित्र होतं आणि त्यातलं सफरचंद निळ्या छटेचं छापलं होतं. ताई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. एसीची हवा थेट तोंडावर येत होती म्हणाली.

मग समुपदेशकाने मलाही दोन मिनिटं बोलावलं. "घरात कोणाचा आग्रह आहे का?"

"आग्रह कसला? गरज आहे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. तरुण मुलगा होता. असे प्रश्न विचारायला त्याला कोणीतरी शिकवलं असणार.

ताई परत येताना बसमध्ये खिडकीशी बसली. मी सांगितलं की तिची तब्येत उत्तम आहे, वजन सोडलं तर सगळे आकडे चांगले आहेत. ती म्हणाली, "तुझ्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मीळच." थोड्या वेळाने म्हणाली, "समज, वजन उतरलंच नाही तर?"

"उतरेल. शरीर पदार्थविज्ञानाच्या बाहेर नाही."

२१ मार्च

आज भांडण झालं. जसं झालं तसं लिहिते.

काटा बरोबर, फरशी बरोबर. म्हणजे क्रमाने माणूस उरला. सकाळी ती पाळणाघरात गेल्यावर, कामावर निघण्याआधी, तिचं कपाट बघितलं, पर्स बघितली, गादीखाली हात घातला. मुलांच्या बिस्किटाचा एक चुरगळलेला कागद मिळाला, तोही पर्सच्या तळाशी, जुना. संध्याकाळी तिच्यासमोर तो टेबलावर ठेवला.

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं कामच आहे म्हणा, माप काढायचं. पण ते ऑफिसात काढ. घरी येऊन माझं काय काढतेस?"

"मी आकडे विचारतेय."

"तू लहानपणापासून आकडेच विचारतेस. तुझी किती बिस्किटं झाली, माझी किती झाली."

"मी मोजायचे नाही, बाबा मोजायचे."

"हो. आणि तू ऐकत बसायचीस. मी ढब्बू, तू काडी."

हे खरं आहे. मला भरवायला बाबा घरभर मागे फिरायचे आणि तिच्या ताटावर त्यांची नजर असायची. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे ते. लिफ्टमध्ये शिरताना दर वेळी भारमर्यादेची पाटी मोठ्याने वाचायचे आणि ताईकडे बघायचे. विनोद होता. पण आत्ताच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, आणि तसं मी म्हटलं.

मग मी हेही म्हटलं : "तुला कळतंय का, तुझ्या तोंडापायी बाबा जातील."

ती आत गेली आणि बाबांची वाटी घासायला लागली. वाटी स्वच्छच होती. खोलीतून बाबांनी विचारलं, "काय चाललंय गं पोरींनो?"

मी बिस्किटाचा कागद कचऱ्यात टाकला.

माझं वाक्य चुकीचं नव्हतं. आवाज चढला, तेवढी चूक.

२८ मार्च

बाबांची तपासणी. वजन आणखी वाढलं आहे हे मी आहारतज्ज्ञ बाईंना आधीच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता टेप काढली आणि बाबांच्या दंडाचं माप घेतलं. पुन्हा घेतलं.

"ह्यांचं वजन खोटं आहे," त्या म्हणाल्या. आज आवाज बारीक होता. "पोटात पाणी साचलंय, काटा ते पाणी मोजतोय. दंड बघा. फेब्रुवारीपेक्षा निम्मा नाही का झाला? खातात का हे?"

"सगळं खातात हो," आई म्हणाली. "वाट्या चाटूनपुसून लख्ख असतात."

"मग जातं कुठे?"

बाबा शर्टाची बाही खाली करत होते. बटण लागत नव्हतं. ताईने लावून दिलं.

परत येताना बसमध्ये मला कळलं. मी दोन तक्ते दोन बाजूंना लावून बसले होते आणि प्रत्येकातली चूक वेगवेगळी शोधत होते. प्रयोगशाळेत जुना दोन पारड्यांचा तराजू आहे, नवशिक्यांना पहिल्या दिवशी तोच दाखवतात. एका पारड्यातलं उचलून दुसऱ्यात ठेवलं की एकूण भार बदलत नाही. इथे जेवढं कमी, तेवढंच तिथे जास्त.

मी पर्समध्ये काय शोधत होते, कोण जाणे.

२९ मार्च

अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. माझ्या किल्लीने दार उघडलं, आवाज न करता.

बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, वाटी त्यांच्या मांडीवर. ताई खाली, त्यांच्या पायाशी. ते चमच्याने तिला भरवत होते. चमच्याचा हात स्थिर राहावा म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं.

"एवढा एक. झालं. हा शेवटचा."

"बाबा, पुरे. खरंच पुरे."

"शेवटचा म्हटलं ना. हा चिमणीचा." मग आणखी एक भरला. "हा कावळ्याचा."

ताईचे डोळे मिटलेले होते आणि तोंड उघडं. आपल्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला देणं म्हणतात ते मी आजपर्यंत नुसतं म्हणताना ऐकलं होतं.

चौतीस वर्षांची बाई आहे ती. बाबांनी तिला भरवलेलं मला आठवत नाही. तिलाही आठवत नसावं.

मी दार ओढून बाहेर गेले. जिन्यात बसले. पुरेसा वेळ गेल्यावर बेल वाजवली. ताईने दार उघडलं, ओठ पुसलेले होते. "आज लवकर?"

"डोकं दुखतंय," मी म्हटलं.

३० मार्च

ताई पाळणाघरात गेल्यावर बाबांच्या खोलीत गेले. संवाद शक्य तितका जसाच्या तसा लिहिते.

"किती दिवस चाललंय?"

"काय?"

"बदाम. अंडी. दूध."

त्यांनी पांघरूण सारखं केलं. "मला मळमळतं गं. टाकून द्यायचं जिवावर येतं. तिला म्हटलं तू खा, आईला कळायला नको, रडत बसेल."

"बाबा, सकाळी माझ्यासमोर दोन अंडी खाल्लीत. मळमळत नाही तुम्हाला."

ते हसले. "काडी, तुझ्यापुढे खोटं बोलायचं म्हणजे पुढून मागून सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा."

"का करताय हे?"

"माझं वय काय, तिचं वय काय. तिला एवढी चिरायची? माझ्यासाठी?"

"ती तयार आहे."

"तसं म्हणाली का ती तुला?"

"नाही म्हणाली नाही."

"मलाही नाही म्हणाली नाही." ते खिडकीकडे बघत होते. "तू तिच्याकडे बघितलंस का कधी?"

"दर रविवारी बघते. काट्यावर."

"मीही जन्मभर तसंच बघितलं." मग म्हणाले, "डॉक्टरांनी नाही म्हटलं ना, की कोणावर बोल येत नाही बघ. माणसाने नाही म्हटलं की जन्मभर चार लोक बोट दाखवतात. काट्याकडे कोण बोट दाखवतो?"

मी दाखवते, रोज, पगार घेऊन. पण ते काय बोलत होते ते मला नीट लागलं नाही. आजारात विचार भरकटतात, हे पुस्तिकेत आहे. रक्तातला अमोनिया वाढतो. म्हणून मुद्द्यावर आणलं. सांगितलं की त्यांचा दंड अर्धा झाला आहे, ताईचं वजन अडलं आहे आणि दोन्हीचं कारण एकच वाटी आहे. आजपासून हे बंद.

"तू माझ्या जागी असतीस तर घेतलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तिच्या जागी?"

"ती जागा मला मिळाली नाही."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचं मनगट माझ्या मनगटापेक्षा बारीक झालं आहे. मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि उठले. गॅसवर दूध नव्हतं.

दारात असताना म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं. पण तिला सांगू नको."

"काय?"

"मळमळ नव्हती म्हणून."

मी कबूल केलं.

१२ एप्रिल

आईने रजा घेतली आहे. दुपारी ती बाबांजवळ बसते आणि ताईला त्या वेळी चालायला पाठवते. आईला एवढंच सांगितलं की बाबांना जेवताना सोबत हवी. ताईने काही विचारलं नाही.

आकडे आता तक्त्यावर आले आहेत. तक्त्याच्याही खाली. ताई मी सांगितलं त्यापेक्षा कमी खाते. ताटात अर्ध्याहून जास्त उरतं. मी म्हटलं, एवढं नको, स्नायू जातील. ती म्हणाली, "आता कमी खाल्लं तरी तुझी तक्रार?" गंमत म्हणून म्हणाली.

रात्री दिवा लावून झोपते. वाचत असावी.

बाबा मन लावून खातात. आज्ञाधारक मुलासारखे. घास गिळून झाल्यावर आईकडे बघतात, झालं का म्हणून.

२० एप्रिल

ब्याऐंशी. स्कॅन झाला. ताईच्या यकृतातली चरबी मर्यादेत आली आहे. सर्जन म्हणाले, उरलेल्या दोन किलोंसाठी थांबण्यात अर्थ नाही, बाबांना वेळ नाही. दोन मेला ऑपरेशन.

आई तिथेच रडली. सर्जननी ताईशी हात मिळवला. "शाबास. दहातल्या सात जणांना हे जमत नाही." ताई म्हणाली, "झालं तर मग." बाबा नुसते तिच्याकडे बघत होते.

घरी येताना मी ताईला म्हटलं की मार्चमध्ये जे बोलले ते बोलायला नको होतं. ती म्हणाली, "कोणतं?" मला वाटतं ती विसरली आहे. असं असेल तर चांगलं आहे.

तिच्यासाठी दवाखान्याची पिशवी भरली. ढगळ गाऊन पुढून उघडणारा हवा, म्हणजे टाके घासत नाहीत. तो घडी करताना ती खोलीतून उठून गेली. उकडत होतं.

२६ एप्रिल

बाबांना पहाटेपासून ताप. दुपारी असंबद्ध बोलायला लागले. अॅम्ब्युलन्सने नेलं. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग. ऑपरेशन रद्द, संसर्ग गेल्याशिवाय हात लावता येत नाही.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, "लढायला अंगात काही उरलेलं नाही. स्नायू संपलेत. दीड-दोन महिन्यांपूर्वी शरीर बरं असतं तर गोष्ट वेगळी होती."

मी हिशोब केला नाही. पहिल्यांदाच, येत असून केला नाही.

२९ एप्रिल

एकेकाला पाच मिनिटं आत सोडतात. माझ्या वेळी बाबांनी डोळे उघडले नाहीत. ताईच्या वेळी उघडले. काचेतून दिसत होतं. ती वाकून काहीतरी बोलत होती, बराच वेळ, त्यांच्या कानाशी. त्यांनी मान हलवली. मग हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला गेले, तो गालापर्यंतच पोचला.

बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणालीस. ती म्हणाली, "सॉरी म्हटलं."

"कशाबद्दल?"

"असंच."

वजनाबद्दल असणार. उशीर झाला याचं तिला लागलं आहे. मी तिला सांगितलं की तिने शेवटी करून दाखवलं, तिचं काही चुकलेलं नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पूर्वी तिने असं टेकलं की खांदा दुखायचा. आता तिचं वजन जाणवत नाही.

३ मे

बाबा गेले. सकाळी.

८ मे

माणसं येऊन जात आहेत. आत्या ताईला जवळ घेऊन रडली आणि मग तिला हाताच्या अंतरावर धरून म्हणाली, "किती छान बारीक झालीस गं. बघायला दादा हवा होता." ताई तिच्यासाठी पाणी आणायला गेली. परत आलीच नाही. शेवटी मी नेऊन दिलं.

आई बाबांच्या खोलीत बसते. बदामांची बरणी अर्धी आहे. कोणी उचलत नाही.

फ्रिजवरचे दोन्ही तक्ते मी काढले. चिकटपट्टीचे चार-चार डाग राहिले आहेत. स्पिरिटने जातील.

१४ मे

आज रविवार. आई आत्याकडे गेली आहे. दुपारी मी आणि ताई जेवायला बसलो. तिने भात चमच्याने ताटभर पसरला आणि खाल्ला नाही. सध्या ती एकोणऐंशी असावी. अंदाज आहे, मोजलेलं नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार."

"दुपारी मी बाबांचं खात होते, ते तुला कळलं होतं ना?"

"हो."

"ते मला म्हणायचे, मळमळतं, खाववत नाही." ती ताटाकडेच बघत होती. "खरंच मळमळायचं ना गं त्यांना?"

मला प्रश्न कळला. तिला एवढंच कळायला हवं होतं की तिने आजारी माणसाला न जाणारं अन्न संपवलं. त्याच्या तोंडचं काढून घेतलं नाही. खरं सांगितलं असतं तर तिने प्रत्येक घास जन्मभर मोजला असता. बाबांना मी शब्द दिला होता, तो वेगळाच. पण शब्द नसता तरी मी हेच केलं असतं. माझ्या कामात आजवर एकही आकडा मी फिरवलेला नाही.

"हो," मी म्हटलं. "डॉक्टरही म्हणाले होते. मळमळ फार होती. त्यांना काही जातच नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग मोठा श्वास सोडला, इतका मोठा की तिचे खांदे खाली आले.

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "मळमळच होती."

"मळमळच होती."

"बरं झालं तू सांगितलंस. तू सांगितलंस म्हणजे तसंच असणार."

मग ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करतात ते मला येत नाही. रडणं संपल्यावर तिने अर्धी मूद खाल्ली, वर दही घेतलं, आणि बाबांच्या लिफ्टच्या पाटीचा विनोद स्वतःहून सांगितला, त्यांच्याच आवाजात. आम्ही हसलो. मला समाधान वाटलं. खोटं चांगल्या कारणासाठी होतं आणि ते जागेवर बसलं.

नंतर ती बाबांच्या खोलीत जाऊन आडवी झाली. मी भांडी आवरून बघायला गेले तर गाढ झोपली होती, दिवसाउजेडी, तोंड थोडं उघडं. हात पोटावर होता, उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, तळवा घट्ट दाबून धरलेला, जसं काही तिथलं कोणी घेऊन जाईल.

तिथे काही दुखतंय का, ते उद्या विचारायला हवं.